गुमदान आजीच्या भिंतीवरचा फ्लेक्स

नाताळ जवळ आला की सोलच्या माणसांच्या दयेला भरती येते. टेकडीवरच्या ज्या वस्तीकडे अकरा महिने कुणी ढुंकून बघत नाही, तिथे डिसेंबरात पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. बँकेतले साहेब येतात, कॉलेजातले गट येतात, चर्चच्या मंडळ्या येतात. सगळ्यांच्या अंगात एकसारखी जाकिटं, हातांत लाल रबराचे मोजे, आणि सगळे रांगेत उभे राहून हातोहात योन्तान वर पोचवतात. काळेभोर कोळशाचे ठोकळे, प्रत्येकाला बावीस भोकं, एकेकाचं वजन साडेतीन किलोंच्या वर. काम संपलं की एकमेकांच्या नाकाला काजळी फासायची, फ्लेक्स लावायचा आणि फोटो काढायचा. फोटोशिवाय सेवा म्हणजे मिठाशिवाय जेवण.

मा यंगशिल या कामात मुरलेली होती. वय छप्पन्न, चर्चमध्ये सेविका, आणि गेली अकरा वर्षं कोळसावाटपाचा सगळा भार तिच्याच खांद्यावर. कुठल्या घरी किती ठोकळे द्यायचे, गल्लीत रांग कशी वळवायची, यादीत कुणाचं नाव ठेवायचं आणि कुणाचं गाळायचं, हे तीच ठरवायची. तिला या कामाचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

तेवीस तारखेला, शनिवारी, दुपारी बारापर्यंत वाटप उरकलं. मंडळी चर्चच्या तळघरात उतरली, गरम सूपभात जेवली, हसली, पांगली. वर नाताळच्या गाण्यांचा सराव चालला होता. साडेतीन वाजता यंगशिल एकटीच लांब टेबलाशी बसून मोबाइलमधले फोटो निवडत होती, कारण संध्याकाळपर्यंत ते चर्चच्या पानावर टाकायचे होते.

सगळ्यात वरचं घर गुमदान आजीचं. तिथून खालचं अख्खं शहर दिसतं, म्हणून मुख्य फोटो दरवर्षी तिथेच निघतो. यंगशिलने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिला सकाळी दहाचा होता. आजीची भिंत, तिच्या कडेला रचायला घेतलेले ठोकळे, आणि वळचणीखालून बाहेर आलेला धुराड्याचा गंजका नळ. दुसरा पावणेबाराचा. त्याच भिंतीवर ताणून बांधलेला फ्लेक्स, त्यावर चर्चचं नाव, खाली तीस काळी नाकं आणि त्यांच्यामध्ये कमरेत वाकलेली आजी. फोटो झकास आला होता. फक्त नळ कुठेच नव्हता.

यंगशिलने मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

तिने बोटांनी फोटो मोठा केला. फ्लेक्सच्या वरच्या कडेला, उजव्या हाताला, कापडाला आतून टेंगूळ आलं होतं. नळाचं तोंड त्याच्या आत होतं. हे जाड प्लास्टिकचं कापड, त्यातून हवा काय आणि धूर काय, काही बाहेर जात नाही.

सकाळचं एकेक आठवायला लागलं. आजीकडचा कोळसा दोन दिवसांपूर्वीच संपला होता. शेगडी थंड होती आणि नळातून धुराचा धागाही निघत नव्हता. स्टुलावर चढून फ्लेक्स बांधणारी यंगशिलच होती. आधी तिने तो जरा खाली बांधला होता, पण मग तो गंजका नळ फोटोत ओंगळ दिसतोय असं तिला वाटलं, म्हणून तिने गाठी सोडल्या आणि फ्लेक्स हातभर वर घेतला. वळचणीच्या खिळ्यांना दोन गाठी, खालच्या टोकांना दोन विटा. बर्फ पडला तर कोळसाही भिजणार नाही, असं म्हणत तिने स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. फोटो झाल्यावर आत जाऊन आजीची शेगडीही तिनेच पेटवली. खाली पेटवणीची चकती, वर नवा ठोकळा, त्यावर आणखी एक, भोकाला भोक जुळवून. खिडकीला तर मागच्याच आठवड्यात चर्चच्या बायकांनी बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवलं होतं, चहूबाजूंनी, वारा शिरू नये म्हणून.

निघताना ती आजीला म्हणाली होती, "आजी, नाताळला सकाळी कंपनीचे अध्यक्ष येणार आहेत फोटोला, ज्यांनी कोळसा दिला ना ते. तोवर हा फ्लेक्स काढू नका हं. हातसुद्धा लावू नका." आणि आजीने दोनदा मान हलवली होती.

बाहेर उणे नऊ तापमान. अशा दिवशी म्हातारं माणूस काय करतं? दार लावून घेतं, शेगडीने खालून तापलेल्या जमिनीवर रजई ओढतं आणि झोपतं.

यंगशिलने आजीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ती कोट एका बाहीत घालून जिना चढत होती.

कोळशाचा वायू काय करतो हे ज्यांना पुस्तकातून कळलं त्यांची गोष्ट वेगळी. यंगशिल असल्याच एका टेकडीवर वाढली होती. ती नऊ वर्षांची असताना एका पहाटे तिचा थोरला भाऊ यंगहो उठला नाही. आईने त्याला अंगणात ओढत आणलं, बर्फात झोपवलं आणि खारवलेल्या मुळ्याचं पाणी त्याच्या तोंडात ओतलं, तेव्हा सगळे तेच करायचे. त्याचे गाल गुलाबी झाले होते. इतका छान, इतका निरोगी तो आधी कधी दिसला नव्हता. तो जगला, पण पुढे आयुष्यभर त्याला बुटाची नाडी बांधता आली नाही. ती नाडी यंगशिल बांधायची. आणि एवढं सगळं ठाऊक असलेल्या बाईने नळाचं तोंड बांधलं, तेही फोटो चांगला यावा म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष द्यायचा तर कुणाला?

वस्तीकडे जाणारी छोटी हिरवी बस उभीच होती. बसमध्ये बसल्यावर तिने प्यो साहेबांना फोन केला. प्यो साहेब म्हणजे चर्चचे कारभारी. अध्यक्षांना बोलावणं त्यांचंच, फ्लेक्स छापून घेणंही त्यांचंच. तिने धापा टाकत सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले की म्हाताऱ्यांना फोन ऐकू येत नाही, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे.

"मी रुग्णवाहिकेसाठी एकशे एकोणीसला कळवते," यंगशिल म्हणाली.

"ताई, आधी बघून तर या. वस्तीत रुग्णवाहिका शिरली की मागोमाग बातमीवाले येतात. नाताळच्या तोंडावर मंडळीचं नाव असं छापून यायला हवं का? आणि आजी मस्त घोरत असली तर? हसं होईल आपलं."

यंगशिलने फोन ठेवला. लाज वाटते, पण सांगायला हवं: तिने लगेच दुसरा फोन लावला नाही. तीन थांबे गेले. पहिल्या थांब्याला तिला वाटलं, साहेब म्हणतात ते खरंच असेल. दुसऱ्याला वाटलं, आपणच बांधला हे कुणाला कळायलाच हवं असं थोडंच आहे, गेल्या गेल्या सोडून टाकू. तिसऱ्या थांब्याला एक बाई चढली, थंडीने लाल झालेले गाल चोळत समोर बसली, आणि यंगशिलला यंगहो दिसला. मग मात्र तिने एकशे एकोणीस दाबलं. पलीकडच्या मुलीने पत्ता विचारला, शेगडी कुठली ते विचारलं, पेटवून किती वेळ झाला ते विचारलं.

"चार तास," यंगशिल म्हणाली.

मग ती मुलगी म्हणाली की रस्ता निसरडा आहे, वीस मिनिटं तरी लागतील, आधी पोचलात तर दारं-खिडक्या उघडा आणि स्वतः आत थांबू नका.

बस चढावाच्या तळाशी थांबते. पुढे पायऱ्या, एकशे सत्त्याऐंशी. सकाळी याच पायऱ्यांवर तीस माणसांची रांग होती, थट्टामस्करी होती, एकाने ठोकळा हातातून सोडला म्हणून त्याला गाणं म्हणायला लावलं होतं. आता पायऱ्यांवर बर्फ गोठला होता आणि चिटपाखरू नव्हतं. यंगशिल कठडा धरून चढत होती. मनात एकच चाललं होतं, देवा, ती बाहेर असू दे, पाणी आणायला, भांडायला, कशालाही, पण बाहेर असू दे.

अर्ध्या वाटेवर कू आजोबा भेटले. जळून पांढऱ्या पडलेल्या ठोकळ्यांचा चुरा ते पायऱ्यांवर टाकत होते, घसरू नये म्हणून. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. फोटोही कुणी काढत नाही. कू आजोबांचं घर गुमदान आजीच्या घराच्या खालीच. गेल्या वर्षी ते फोटोत उभे राहिले नव्हते. मी काय दुकानातली बाहुली आहे का, असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. यंदाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. यादी यंगशिलने केली होती, आणि नाव नजरचुकीने राहिलं असं ती विचारणाऱ्यांना सांगत होती. तिला पाहून त्यांनी फावडं टेकवलं.

"काय, फोटो खराब आला का? पुन्हा काढायचाय?"

"आजोबा, गुमदान आजी दिसली का तुम्हाला?"

"दुपारपासून नाही." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही शेगडी पेटवून दिलीत म्हणे. मग धूर कुठाय?"

यंगशिल त्यांच्या बाजूने वर सटकली. मागून फावडं आपटल्याचा आवाज आला आणि मग त्यांचीही पावलं, पण ती हळू होती.

वरची भिंत दिसली. फ्लेक्स तसाच होता, ताठ, सुरकुती नाही, गाठी जशाच्या तशा. नळाच्या जागचं टेंगूळ काळपट ओलं झालं होतं. आजीचं दार मात्र सताड उघडं होतं, आणि का कोण जाणे, तेच तिला जास्त भयंकर वाटलं. कुणीतरी आधीच आलं होतं का? की आजीने दारापर्यंत सरपटत येऊन ते ढकललं आणि मग?

श्वास रोखून ती आत गेली. स्वयंपाकाच्या बोळात शेगडी धगधगत होती. खोलीत रजई घडी करून ठेवलेली. कोपऱ्यात एक पितळी वाडगं, त्यात ओकारी. उशीजवळ फोन, त्याच्या पडद्यावर न घेतलेले तीन फोन. आजी नव्हती. यंगशिलने खिडकीवरचं बुडबुड्यांचं प्लास्टिक नखांनी ओरबाडून काढलं, खिडकी ढकलली आणि ती बाहेर आली.

"आजी!"

कोळशाच्या ढिगामागे कुणी नव्हतं. शेजारच्या पडक्या घराच्या अंगणात कुणी नव्हतं. मग तिचं लक्ष चार घरांत मिळून असलेल्या संडासाकडे गेलं. पत्र्याचं दार आतून दोरीने ओढून धरल्यासारखं किंचित तिरकं होतं. यंगशिलने ते ओढलं.

गुमदान आजी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली होती. डोक्यावरून सतरंजी, हात बगलेत, डोळे मिटलेले. तिचे गाल गुलाबी होते. छान, निरोगी, गुलाबी.

यंगशिल तिथेच गुडघ्यांवर बसली. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिने सत्तेचाळीस वर्षांपूर्वी आईच्या तोंडून ऐकला होता. तिने आजीचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. बर्फासारखा गार. आणि मग त्या गार चेहऱ्यातले डोळे उघडले.

आजीने तिला ओळखायला थोडा वेळ घेतला. ओळखल्यावर ती धडपडून उठायला लागली, सतरंजी खाली सरकली, तिने एका हाताने केस सारखे केले.

"आजच आले का साहेब?" ती म्हणाली. जीभ थंडीने जड झाली होती. "परवा म्हणाला होतात ना, ताई. कुठं उभी राहू? तिथंच का?"

यंगशिलने आजीला कवटाळलं, तिचे हात चोळले, स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावर घातला. मग हळूहळू, तुकड्या तुकड्यांत, आजीने सांगितलं. मंडळी गेल्यावर ती जरा पडली. तासाभरात डोकं ठणकायला लागलं, ओकारी झाली. पन्नास वर्षं हीच शेगडी, तिला काय कळायचं राहिलं होतं? बाहेर येऊन पाहिलं तर नळाचं तोंड बांधलेलं. मग दार उघडं टाकलं आणि इथे येऊन बसली, इथे वारा कमी लागतो.

"मग तो फाडून का नाही टाकलात? निदान शेगडी तरी विझवायची." यंगशिलच्या आवाजात रडू होतं आणि रागही होता, आणि राग कुणावर ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"तुम्ही हात लावू नका म्हणालात." आजी तिच्याकडे बघत होती, लहान पोर शिक्षा मोठी की छोटी ते चेहऱ्यावरून ओळखू बघतं तशी. "आणि शेगडी तुमच्याच हातची, मी कशी विझवू? दोन दिवसांचा तर प्रश्न होता. रात्री कू भाऊंच्या दारात पथारी टाकली असती. त्यांचं काय झालं ते पाहिलंय ना मी. ते बोलले आणि यंदा त्यांना एक ठोकळा नाही आला. मला थंडीत काढायला जमायचं नाही, ताई. माझी हाडं नाहीत तशी."

यंगशिल उठली. पायऱ्या चढून कू आजोबा तेवढ्यात वर पोचले होते, त्यांनी हे शेवटचं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. एवढा वेळ ती एका गोष्टीला भीत होती, वायूला. आणि इथे ही बाई वायूची ओळख असूनही त्याला न भिता, यंगशिलला भिऊन, तीन तास संडासात बसून राहिली होती. यंगशिल भिंतीकडे गेली आणि तिने फ्लेक्सचं टोक धरून ओढलं. एक खिळा निघाला. कापड फाटलं, चर्चच्या नावाचे दोन तुकडे झाले, आणि मागून कोंडलेला करडा धूर एकदम तिच्या तोंडावर आला.

"नको, नको हो," आजी मागून लटपटत आली आणि तिने यंगशिलचं मनगट पकडलं. त्या सुकल्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नसतं. "परत बांधा. मी कुणाला सांगितलेलं नाही धूर अडतो म्हणून. विचारा कुणालाही."

खालून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, मग बुटांचे आवाज. केशरी गणवेशातली तीन माणसं प्राणवायूचं नळकांडं घेऊन पायऱ्या चढून आली. एकाने आजीला ओट्यावर बसवून तोंडावर मास्क धरला, दुसरा यंत्र घेऊन आत गेला, त्यातून टी-टी असा सलग आवाज यायला लागला आणि तो लगेच बाहेर आला. तिसरा, त्यांच्यातला मोठा, भिंतीपाशी थांबला. त्याने लोंबणारा फ्लेक्स उचलून पाहिला, काळं झालेलं टेंगूळ पाहिलं, नळाच्या तोंडात बोट घातलं.

"हे कुणी बांधलं?"

आजीने मास्क बाजूला सारला. "मीच बांधलं," ती घाईघाईने म्हणाली. "म्हातारी झाले, कळत नाही काही. वारा लागतो म्हणून बांधलं. चर्चच्या लोकांचा काही दोष नाही, फार चांगली माणसं आहेत." मग तिने यंगशिलकडे पाहिलं, बरोबर बोलले ना, असं विचारल्यासारखं.

त्या माणसाने वहीत लिहायला घेतलं. यंगशिलच्या खिशात फोन थरथरत होता. प्यो साहेबच असणार. कू आजोबा फावड्यावर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे एकटक बघत होते. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. सगळं आयतं समोर आलं होतं, आणि आजीचं नाव तर ती पुढच्या वर्षी यादीत पहिलं घालू शकत होती.

"खोटं आहे ते," यंगशिल म्हणाली. "मी बांधलं. मा यंगशिल. नळ फोटोत दिसत होता म्हणून झाकला, आणि काढू नका असं आजींना मीच बजावलं. लिहा तसं."

माणसाने लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. यंगशिल आजीशेजारी ओट्यावर टेकली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली की आजी, तुमचा कोळसा कुणी बंद करणार नाही, माझा शब्द आहे. आजीने मान हलवली, सकाळी हलवली होती तशीच, दोनदा. पण तिचा यंगशिलच्या शब्दावर विश्वास बसला नव्हता. खाली रुग्णवाहिकेकडे नेतानाही ती मान वळवून फाटलेल्या फ्लेक्सकडे बघत होती.